नळाला बिअर येते, पण आधी फेस का येतो?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या तळघरात एक फ्रीज आला. शेजारी घर विकून चालले होते, त्यांनी जवळजवळ फुकटातच दिला. कमरेइतका उंच, डोक्यावर स्टीलचा खांब आणि खांबाला काळ्या दांडीची तोटी. आत बिअरचं पिंप ठेवायचं, दांडी ओढायची, ग्लास भरायचा. पहिल्याच शनिवारी चार मित्र बोलावले, दांडी ओढली, तर ग्लासात एक बोट बिअर आणि त्यावर चार बोटं फेस. दुसरा ग्लास तसाच. तिसऱ्याला एक जण म्हणाला, "दाढी करायला बोलावलंयस का?"

न्यू जर्सीत एडिसनला माझा मामेभाऊ राहतो. त्याच्याकडे असाच फ्रीज पाच वर्षं आहे. त्याला फोन लावला.

"दादा, नुसता फेस येतोय रे."

"दाबाचा काटा कितीवर आहे?"

"बारावर."

"मग बरोबर आहे की. माझाही बारावरच असतो. थंड नसेल झाली."

थंड होती. ३८ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३.३ सेल्सिअस. त्याच्याकडेही तेवढीच. दोघांचे आकडे तंतोतंत सारखे. त्याच्याकडे बिअर आणि माझ्याकडे फेस. मी राहतो कोलोरॅडोत, डेन्व्हरला लागून असलेल्या ऑरोरामध्ये. कोड्याचं अर्धं उत्तर याच वाक्यात आहे, पण ते कळायला मला तीन आठवडे आणि जवळजवळ अर्धं पिंप लागलं.

अमेरिकेत आपल्या लोकांच्या तळघरांत हे फ्रीज आता बरेच दिसतात, आणि फेसाची तक्रारही बऱ्याच ठिकाणी तीच असते. म्हणून सगळं मुळापासून सांगतो. बिअर न पिणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, यातली बरीचशी यंत्रणा तुमच्या स्वयंपाकघरात आहेच.

## ड्राफ्ट ही वेगळी बिअर नव्हे

ड्राफ्ट म्हणजे पिंपातून काढलेली बिअर. बाटलीत भरतात तीच बिअर, पण स्टीलच्या पिंपात भरलेली. या पिंपाला केग म्हणतात. फरक एवढाच, की अमेरिकेत बनणाऱ्या केगमधल्या बिअरचं बहुतेक वेळा पाश्चरीकरण झालेलं नसतं. कच्च्या दुधासारखी ती कारखान्यापासून ग्लासापर्यंत थंडच राहावी लागते. बाटली गॅरेजमध्ये दोन दिवस राहिली तरी चालून जातं, केगचं तसं नाही.

यंत्रणेत पाचच गोष्टी असतात. केग, कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर, त्यावरचा रेग्युलेटर, दोन नळ्या (एक वायू आत नेणारी, एक बिअर बाहेर आणणारी) आणि तोटी. हे सगळं एका फ्रीजमध्ये बसवलं की झाला केजरेटर.

सिलेंडरमधला वायू केगमध्ये शिरतो, वरून बिअरला दाबतो. केगच्या मधोमध तळापर्यंत गेलेली एक दांडी असते, आतून पोकळ. दाबलेली बिअर त्या दांडीतून वर चढते, नळीत जाते आणि तोटीतून ग्लासात पडते. रॉकेलचा वातीचा नव्हे, पंप मारायचा स्टोव्ह ज्यांनी पेटवलाय त्यांना हे नवीन नाही. टाकीत हवा भरली की रॉकेल आपोआप वर येतं.

पार्ट्यांमध्ये केगवर हातपंप लावतात, तो नेमका स्टोव्हचाच प्रकार. पण त्यातून आत हवा जाते, हवेतल्या ऑक्सिजनने बिअर शिळी होते आणि दुसऱ्या दिवशी ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. घरी सहा ते आठ आठवडे पुरवून प्यायची असेल तर कार्बन डायऑक्साइडच हवा.

## गोटी सोड्याचा धडा

आता फेसाकडे येऊ. गोटी सोड्याची बाटली आठवा. ही बाटली मूळची इंग्लंडची, हायरम कॉड नावाच्या माणसाने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. गोटी तोंडाशी घट्ट बसलेली असते तोवर आतलं पाणी अगदी शांत दिसतं. एक बुडबुडा नसतो. अंगठ्याने गोटी आत ढकलली की फस्स आवाज होतो आणि सगळ्या पाण्यातून बुडबुडे उसळतात. पाण्यात वायू आधीपासून होता, विरघळून गप्प बसला होता. वरचा दाब गेला, तो बाहेर पडला.

विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये याचाच नियम मांडला. द्रवावर वायूचा दाब जितका जास्त, तितका तो वायू द्रवात जास्त विरघळतो. त्याला तापमानाची जोड द्या, द्रव जितका थंड तितका वायू जास्त मावतो. उन्हात तापलेली सोड्याची बाटली उघडली की अंगावर का उडते, ते यातच आलं.

बिअरमध्ये किती वायू आहे हे 'पटीं'त मोजतात. एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर वायू विरघळला असेल तर अडीच पट. अमेरिकेतल्या नेहमीच्या बिअरमध्ये तो साधारण अडीच ते पावणेतीन पट असतो. कारखान्याने तो ठरवून घातलेला असतो. घरी आपलं काम फक्त तो तसाच राखायचं. ना घालायचा, ना जाऊ द्यायचा.

समुद्रसपाटीला ३.३ अंशांवर असलेल्या बिअरवर १२ पीएसआय दाब ठेवला तर तिच्यात २.६ पटीच्या आसपास वायू टिकतो. (पीएसआय म्हणजे गाडीच्या चाकात हवा भरताना काट्यावर दिसतं तेच माप. चाकात ३२ असतं, इथे १२.) तीच बिअर १० अंशांवर गेली आणि दाब तोच राहिला, तर तिच्यात जेमतेम २.१ पट मावतो. उरलेला अर्धा पट कुठे जाणार? बुडबुड्यांत.

म्हणून फेसाच्या दहांतल्या सात-आठ तक्रारी शेवटी तापमानावर येऊन थांबतात, असा माझा अनुभव. दुकानातून केग आणला आणि तासाभरात तोटी उघडली, तर फेस ठरलेला. वीस लिटर बिअर हळूहळू थंड होते. फ्रीजमधली हवा ३ अंश झाली म्हणजे केगच्या पोटातली बिअर झाली असं नाही. वाटेत १० अंशांपर्यंत तापलेला केग परत ३ वर यायला एक अख्खा दिवस घेतो. फ्रीजच्या हवेवर विश्वास ठेवू नका, दुसरा ग्लास काढा आणि त्यातच थर्मामीटर बुडवा. दुसरा का, ते पुढे येईल.

## सिलेंडर ओळखीचाच आहे

कार्बन डायऑक्साइडचा घरगुती सिलेंडर बहुधा ५ पौंडांचा असतो, म्हणजे आत सव्वादोन किलो वायू. आत तो द्रवरूपात असतो, आपल्या स्वयंपाकाच्या गॅससारखाच. आणि म्हणून त्याची खोडही तीच. खोलीच्या तापमानाला आतला दाब साधारण ८५० पीएसआय असतो आणि द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत तो तसाच राहतो. वरच्या काट्यावरून सिलेंडर किती भरलाय हे कळतच नाही. काटा खाली यायला लागला तेव्हा सिलेंडर संपत आलेला असतो, आणि तो वेळ नेमका पाहुणे आलेले असताना येतो. यावर उपाय आपल्या गॅसवाल्याकडचाच, काट्याला टांगून वजन करायचं. मी बाथरूममधला वजनकाटा वापरतो.

८५० चे १२ करायचं काम रेग्युलेटरचं. दारातून झुंडीने येणारे लोक एकेक करून आत सोडणारा माणूस समजा. एक स्क्रू फिरवून तुम्ही त्याला सांगता, आत किती दाब ठेवायचा.

वायू किती लागतो? ५८.७ लिटरचा मोठा केग रिकामा करायला पाव किलोच्याही आत. म्हणजे गळती नसेल तर सव्वादोन किलो बरेच महिने पुरतो. गळती असेल तर एका रात्रीत जातो, आणि ती बहुतेक वेळा वायसरातून होते. कपलर म्हणजे केगच्या तोंडावर फिरवून बसवायचा तो धातूचा जोड. त्याच्या आणि रेग्युलेटरच्या वायसरांवर साबणाचा फेस लावून बघायचं. हेही आईने शिकवलेलंच.

कपलरचे प्रकार मात्र विकत घेण्याआधी तपासा. अमेरिकी केगना बहुतेक 'डी' प्रकारचा लागतो, बऱ्याच युरोपीय केगना 'एस', गिनीज नावाच्या बिअरच्या केगना 'यू', काही जर्मन केगना सरकवून बसवायचा 'ए'. दिसायला सगळे भाऊ-भाऊ, पण एकाचं तोंड दुसऱ्याला बसत नाही.

## घाटाची वळणं

आता मुख्य गोष्ट. केगमध्ये १२ पीएसआय, बाहेर ग्लासापाशी शून्य. हा फरक कुठेतरी उतरायलाच हवा. तोटीपाशी एकदम उतरला तर गोटी सोडा होतो. म्हणून तो वाटेत, नळीत, हळूहळू उतरवायचा.

लोणावळ्याहून खोपोलीला उतरायचं आहे. उंची तेवढीच कमी करायची, पण कड्यावरून सरळ खाली गेलात तर हाडं वेचावी लागतील. म्हणून रस्ता वळणं घेत लांब केलाय. बिअरची नळी म्हणजे असाच घाट. नळीच्या आतल्या भिंती बिअरला घासतात, प्रत्येक फुटागणिक थोडा दाब खातात आणि तोटीपाशी बिअर शांतपणे पोचते.

धंद्यातल्या लोकांचं एक कोष्टक असतं. ३/१६ इंच, म्हणजे साधारण पावणेपाच मिलिमीटर पोट असलेली प्लास्टिकची नळी फुटाला ३ पीएसआय खाते. पाव इंचाची नळी फक्त ०.८५ खाते. नळी एक तृतीयांशाने रुंद झाली आणि विरोध तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आला. शिवाय बिअर वर चढवायला दर फुटाला अर्धा पीएसआय जातो.

या कोष्टकाने १२ पीएसआयला चार फूट नळी पुरे व्हावी. विकत मिळणाऱ्या संचात पाच फूट देतात ती बहुधा याच हिशेबाने. माझ्या फ्रीजमध्ये तीच होती. आणि घरी बिअर ओतणाऱ्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो सांगेल, दहा फूट घाल. का? कोष्टकातला आकडा जाड आहे. नळीचं पोट केसभर मोठं निघालं तरी विरोध झपाट्याने घटतो, आणि घरात तापमान हॉटेलच्या शीतगृहाइतकं पक्कं नसतं. नळी आखूड पडली तर सगळी संध्याकाळ फेस. लांब झाली तर ग्लास भरायला चार सेकंद जास्त. चार सेकंदांची कोणाला घाई आहे?

नीट जमलेल्या नळातून सेकंदाला साधारण ६० मिलिलिटर बिअर यावी, म्हणजे ४७३ मिलिलिटरचा अमेरिकी पिंट आठ सेकंदांत भरतो. मी दहा फुटांची नळी घातली, ग्लास दहा सेकंदांत भरू लागला आणि फेस अर्ध्यावर आला. निम्मं कोडं सुटलं. हल्ली बाजूला छोटी दांडी असलेली तोटीही मिळते, तिच्यातूनच वेग आवरता येतो. महाग आहे, पण नळी कापत बसायचा कंटाळा असेल त्याने घ्यावी.

## "मग दाबच कमी करायचा ना!"

हे सगळ्यांना सुचतं. मलाही सुचलं होतं. फेस येतोय म्हणजे बिअर जोरात येतेय, तर काटा बारावरून सहावर आणा. पहिले दोन ग्लास खरंच बरे येतात. मग दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त फेस.

कारण हेन्री. वरचा दाब कमी केला की बिअरमधला वायू केगमध्येच आणि नळीतच सुटायला लागतो. पारदर्शक नळीकडे टॉर्च मारून बघितलं तर जागोजागी वायूचे तुकडे दिसतात. ते बुडबुडे तोटीतून बिअरच्या आधी फुरफुरत बाहेर येतात. आठवडाभराने केगमधला वायूच घटलेला असतो आणि बिअर मिळमिळीत लागते. दाब बिअर ढकलायला असतोच, पण त्याचं खरं काम वायूला आत धरून ठेवायचं. तो बिअरच्या जातीने आणि तापमानाने ठरतो. वेग आवरायचा असेल तर नळीला हात घालायचा, रेग्युलेटरला नाही. एवढं एक वाक्य मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर!

तोटीची दांडी अर्धवट उघडणं हा त्याचाच धाकटा भाऊ. वाटतं, हळू सोडू. पण अर्धवट उघडलेल्या फटीतून बिअर फवाऱ्यासारखी घुसळून निघते. दांडी नेहमी झटक्यात पूर्ण उघडायची, ग्लास तिरका धरायचा, तोटीचं तोंड बिअरमध्ये बुडवायचं नाही.

## एडिसनचे बारा आणि डेन्व्हरचे बारा

आता उरलेलं निम्मं. नळी लांब केली तरी माझ्याकडे थोडा फेस होताच आणि तिसरा आठवडा लागला तशी बिअर बेचव लागत होती. दोन्ही तक्रारी एकदम, म्हणजे दाब कमी पडतोय. पण काटा तर बारावर!

रेग्युलेटरचा काटा खरा दाब दाखवत नाही. तो बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे, एवढंच दाखवतो. समुद्रकाठी हवेचा स्वतःचा दाब १४.७ पीएसआय असतो. एडिसन जवळजवळ समुद्रसपाटीलाच, म्हणजे दादाच्या केगमध्ये प्रत्यक्षात १२ अधिक १४.७, जवळजवळ २६.७. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल, सोळाशे मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब १२.२ च्या आसपास. माझ्या केगमध्ये २४.२. काटा दोघांचा बारावर, पण माझ्या बिअरवर अडीच पीएसआय कमी दाब. २.६ पटीऐवजी तिच्यात २.३ पटच वायू मावत होता. बाकीचा पहिले काही आठवडे फेस होऊन निघत होता आणि तो निघून गेला की मागे राहत होती मिळमिळीत बिअर.

आमच्या घरी तुरीची डाळ कुकरशिवाय शिजत नाही, कारण इथे पाणी ९५ अंशांनाच उकळतं. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी हे कौतुकाने सांगतो. आणि तळघरातल्या सिलेंडरपाशी उभं राहिल्यावर हीच गोष्ट तीन आठवडे माझ्या डोक्यात आली नाही.

ठोकताळा असा, की दर दोन हजार फूट उंचीला काट्यावर एक पीएसआय वाढवायचा. मी काटा साडेचौदावर नेला, दोन दिवस थांबलो आणि शनिवारी पहिल्यांदा ग्लासावर दोन बोटं साय आल्यासारखा फेस बसला.

## पहिला ग्लास तरी फेसाचाच का?

सगळं जमलं तरी संध्याकाळचा पहिला ग्लास जरा उसळतो. फ्रीज आतून थंड असतो, पण तोटी लावलेला तो खांब बाहेर खोलीच्या हवेत उभा असतो. त्यातली फूटभर नळी आणि तोटी दिवसभरात कोमट होते. थंड बिअर कोमट धातूला लागली की वायू सुटतो. दुसऱ्या ग्लासापर्यंत धातू थंड झालेला असतो. म्हणून मघाशी थर्मामीटर दुसऱ्या ग्लासात बुडवायला सांगितला.

उपाय म्हणजे संगणकात असतो तसला छोटा पंखा फ्रीजच्या तळाशी बसवायचा आणि एका पाइपातून थंड हवा खांबात सोडायची. आळशी उपाय म्हणजे पहिला ग्लास यजमानाने घ्यायचा.

ग्लासही बघा. भांडी धुवायच्या साबणाचा किंवा तेलाचा पुसट थर राहिला असेल तर बुडबुडे काचेला चिकटून बसतात आणि वरचा फेस लगेच मरतो. ग्लास ओतण्याआधी थंड पाण्याने विसळायचा. बर्फात गोठवलेला ग्लास रुबाबदार दिसतो खरा, पण त्यातल्या बर्फकणांवर बिअर फेसाळते.

## हा वायू धोक्याचा नाही का?

आहे, आणि याबद्दल विक्रेते पुरेसं बोलत नाहीत. सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड सगळा सुटला तर खोलीच्या तापमानाला सव्वा घनमीटर जागा व्यापतो. दहा फूट बाय दहा फूट खोलीत, दारं-खिडक्या बंद असतील तर, हवेत त्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जातं. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांसाठी मर्यादा अर्ध्या टक्क्याची आहे, आणि चार टक्के हा जिवाला तात्काळ धोका मानतात. शिवाय हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, तळाशी साचतो. आणि हे फ्रीज असतात कुठे? तळघरात.

जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरण्याआधी कंदील सोडून बघायची पद्धत होती, कंदील विझला तर माणूस उतरत नसे. तोच वायू, तीच खोली. घाबरून यंत्रणा काढून टाकायची गरज नाही, पण खाली कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावा. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, तो इथे उपयोगाचा नाही. सिलेंडर उभा आणि बांधलेला असावा, आडवा झाला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. भरून आणताना गाडीची काच उघडी ठेवा.

आणि ज्यांना जुन्या आडव्या डीप फ्रीजरचं केजरेटर करायचंय त्यांच्यासाठी, त्याच्या भिंतीला भोक पाडू नका. थंडाव्याच्या नळ्या भिंतीतच असतात. वर लाकडी चौकट बसवून तिच्यातून तोट्या काढतात. बाहेरून तापमान-नियंत्रक लावायला विसरलात तर बिअरचा बर्फ होईल, ते वेगळंच.

## साफसफाई: इथेच बहुतेकांचं बिनसतं

फेस सुटला की माणूस निर्धास्त होतो. दोन महिन्यांनी बिअरला लोण्याचा किंवा व्हिनेगरचा वास यायला लागतो आणि तो केग विकणाऱ्याला दोष देतो. दोष नळीचा असतो. ओलसर, गोडसर नळीत जिवाणू आणि यीस्ट वस्ती करतात. हॉटेलांसाठी नियम दर दोन आठवड्यांनी नळी धुवायचा आहे, दोन टक्क्यांच्या कॉस्टिकच्या पाण्याने, पंधरा मिनिटं फिरवून. घरी मी तोच पाळतो, निदान केग बदलताना तरी चुकवत नाही. हातमोजे आणि चष्मा घालून. मग साधं पाणी सोडायचं, बोटांना बुळबुळीत लागत नाही तोवर. तोटी दर वेळी उघडून ब्रशने घासायची, खरी घाण तिच्यातच असते.

कॉस्टिकने एक गोष्ट जात नाही. बिअरमधल्या कॅल्शियम ऑक्झलेटचा करडा थर नळीत बसतो, त्याला बिअरचा खडा म्हणतात. तो काढायला तीन महिन्यांतून एकदा आम्लाचं पाणी फिरवतात. बहुतेक मुतखडेही कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात, हे आमच्या मित्रमंडळींतल्या डॉक्टरने ग्लास हातात असताना सांगितलं. त्या दिवशी केग उरला.

## पैसे तरी वाचतात का?

फारसे नाहीत. छोटा केग १९.५ लिटरचा असतो, भरलेला जवळजवळ २६ किलोचा. त्यातून ३५५ मिलिलिटरचे ५५ ग्लास निघतात, कागदावर. फेस, नळीत उरलेली बिअर आणि "जरा चव बघू" यांत चार-पाच जातात. छोट्या कारखान्यांच्या बिअरचा हिशेब केला तर ग्लास बाटलीच्या आसपासच पडतो. स्वस्त पडतो तो मोठा केग, १६५ ग्लासांचा, पण तो ७० किलोंच्या वर भरतो आणि तळघराच्या पायऱ्यांवरून उतरवायला दोन माणसं लागतात. शिवाय दोन महिन्यांत १६५ ग्लास संपवणारं घर असेल तर प्रश्न पैशांचा नाही. यंत्रणेचे पैसे मी हौसेत धरलेत, जसा लोक कॅमेरा घेतात.

गिनीजसारखी सायीच्या फेसाची बिअर घरी हवी असेल तर खर्च आणखी वाढतो. तिला तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण लागतं, तिप्पट-अडीचपट दाब लागतो आणि बारीक भोकांची चकती असलेली तोटी लागते. नायट्रोजन बिअरमध्ये फारच थोडा विरघळतो, म्हणून बुडबुडे इवलेसे होतात. गिनीजमध्ये १९५९ साली हे जमवलं मायकेल अॅश यांनी, आणि ते मूळचे गणितज्ञ होते. मला त्यात नवल वाटत नाही.

## पुण्यात बसवता येईल का?

फ्रीज आणि तोटी कुठेही बसेल. अडचण केगची आहे. महाराष्ट्रात मद्याचा सगळा व्यवहार १९४९ च्या मद्यनिषेध कायद्याखाली येतो. बाळगायला-प्यायला परवाना, बिअरसाठी वय २१, आणि घरी बिअर गाळायची म्हटलं तर परवान्याशिवाय तो गुन्हा. अमेरिकेत घरी बिअर बनवायला केंद्रीय कायद्याने मोकळीक दिली ती १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केल्यावर, एका घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत, आणि तीही विकायची नाही. तरी शेवटच्या दोन राज्यांनी, अलाबामा आणि मिसिसिपीने, २०१३ पर्यंत वाट बघायला लावली. तिथून बघता आपला कायदा फार एकटा नाही.

पण यंत्रणेला बिअरच हवी असं कुठे आहे? साताऱ्याहून आई आली तेव्हा तिने तो फ्रीज बघून नाक मुरडलं. मी दुसरी तोटी बसवली, रिकाम्या केगमध्ये गाळलेलं पाणी भरलं आणि दुसऱ्या रेग्युलेटरने त्यावर ३० पीएसआय ठेवले. तीन दिवसांनी तोटीतून सोडा आला, बिअरपेक्षा दीडपटीहून जास्त वायू असलेला. आता ती रोज दुपारी खाली जाते, ग्लासात कोकम आगळ आणि मीठ घालून घेते आणि स्वतः दांडी ओढते. झटक्यात, पूर्ण. तिच्या तोटीला मात्र पंचवीस फूट नळी लागली. फ्रीजच्या मागच्या बाजूला गुंडाळून ठेवली आहे, खंडाळ्यापेक्षा जास्त वळणं घेऊन.